पाय वर

डिस्चार्जच्या कागदावर सगळं इंग्रजीत छापलेलं होतं. गोळ्यांची नावं, तारखा, पुढच्या तपासणीची वेळ. सगळ्यात खाली डॉक्टरांनी पेनाने मराठीत दोनच शब्द लिहिले, ‘पाय वर’, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. म्हणाले, “स्टुलावर ठेवला म्हणजे वर ठेवला असं नाही हं. आडवं व्हायचं आणि पाय छातीच्याही वर. पहिले दोन आठवडे दिवसातला बहुतेक वेळ. आणि सहा आठवडे हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. बोटसुद्धा नाही.”

मी मान हलवली. गिऱ्हाईक “बाही जरा सैल ठेवा हं” म्हणतं तेव्हा हलवते तशीच. ऐकलं होतं, माप घेतलं नव्हतं.

मी ब्लाउज शिवते. ३१ वर्षं झाली. पायमशीन आहे माझी, मोटर बसवा म्हणून मुलगी दर दिवाळीला सांगते आणि मी दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर ढकलते. पायडलवर दोन्ही पाय असतात, पण टीप कुठे थांबवायची, मोंढ्याच्या वळणावर किती हळू घ्यायचं, ते सगळं उजव्या पायाला ठाऊक. आणि मोडला तो उजवाच.

मे महिन्याचा शेवट होता, लग्नसराई सरत आली होती. रविवार पेठेतून अस्तराचं कापड, हुकांची पाकिटं आणि दोऱ्याची रिळं घेऊन घरी येत होते. आमची इमारत रास्ता पेठेतली, जुनी, बिनलिफ्टची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. १७ आणि १७ अशा ३४ पायऱ्या. रात्री लाइट गेले तरी त्या मी न चाचपडता चढते, आणि घात झाला तो पहिल्याच पायरीवर. धड पडलेसुद्धा नाही. टाच उचललेली होती, पिशवीने तोल गेला, पाऊल आत मुडपलं आणि सगळं वजन करंगळीच्या बाजूला आलं. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. मला वाटलं, पिशवीतलं काहीतरी मोडलं. तशीच भिंत धरून वर गेले, कुकर लावला, पायाला आंबेहळदीचा लेप लावला. संध्याकाळपर्यंत पाऊल पुरीसारखं फुगलं आणि बाहेरची कड जांभळी पडली.

सासूबाईंचं म्हणणं होतं, हाडवैद्याकडे जाऊ. ह्यांचं म्हणणं होतं, एक्स-रे काढू. एक्स-रे निघाला.

एका पावलात २६ हाडं असतात, हे मला त्या दिवशी कळलं. दोन्ही पावलांची मिळून ५२, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथाई हाडं आपण चपलेत घालून फिरत असतो. माझं मोडलं होतं ते करंगळीमागचं लांब हाड, मुळापासून थोडं पुढे. डॉक्टर म्हणाले, तिथे मोडणं वाईट, कारण नेमक्या त्याच जागी रक्तपुरवठा जेमतेम असतो आणि हाड सांधायला आळस करतं. प्लास्टरमध्ये नुसतं ठेवलं तर जुळेलही, न जुळेलही. त्यापेक्षा हाडाच्या पोकळीतून लांबीला एक स्क्रू घालू. परकराच्या नेफ्यात नाडी ओवावी तसा, हे मी मनात म्हटलं. पण ते समजल्यावर माझी भीती निम्मी झाली. ओवण्यात काय भ्यायचं?

ह्या मोडण्याला ज्याचं नाव आहे तो सर रॉबर्ट जोन्स नावाचा लिव्हरपूलचा सर्जन. मुलीने बंगळुरूहून फोनवर सगळं वाचून दाखवलं. ह्या गृहस्थाचं स्वतःचंच हे हाड मोडलं होतं, आणि तेही नाचताना! टाच उचललेली, पावलाच्या बाहेरच्या कडेवर वजन आलं आणि कट्. आपल्याच पायाचा एक्स-रे पाहून १९०२ साली त्याने त्यावर लेख लिहिला. त्या आधी सातच वर्षांपूर्वी, १८९५ मध्ये, एक्स-रेचा शोध लागला होता. मला बरं वाटलं. नाचताना मोडणं जास्त शोभेचं, पण टाच उचललेली आणि कडेवर पाय, हे दोघांचंही सारखंच. हुकांची पाकिटं आणली म्हणून काही माझं हाड कमी दर्जाचं मोडलं नव्हतं.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. कमरेत इंजेक्शन, खालचं अंग दुसऱ्याचं झालं, पडद्यापलीकडे ड्रिलचा आवाज आणि कुणीतरी कुणाला तरी विचारत होतं की डबा आणलाय का. पाऊण तासात आटपलं.

खरी शस्त्रक्रिया जिन्यावर झाली. रिक्षा खाली थांबली तेव्हा इमारतीतले चार पुरुष खुर्ची घेऊन उभे होते. मला खुर्चीत बसवून वर न्यायचं असा बेत. मी त्या चौघांकडे पाहिलं. एकाला हर्निया, एकाला गुडघेदुखी, तिसरा नववीतला मुलगा आणि चौथे आमचे हे. हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपीच्या मुलीने मला दुसरी युक्ती सांगून ठेवली होती. जिन्याकडे पाठ करून पायरीवर बसायचं, दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकायचे, चांगल्या पायाने रेटा द्यायचा आणि बूड उचलून वरच्या पायरीवर ठेवायचं. दुखरा पाय समोर अधांतरी. ह्यांनी तो हातात धरला, पूजेला निघालेल्या कलशासारखा, आणि ते माझ्यासमोर एकेक पायरी चढत आले.

३४ वेळा. साडी नेसायचा वेडेपणा मी केला नव्हता, गाऊन होता. बाराव्या पायरीला हात भरून आले. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी दारातून पाणी दिलं. विसाव्या पायरीवर मी कडेचा कोपरा पाहिला, जिथे फरशी आणि भिंतीमध्ये फट आहे आणि तिथे माझ्याच एका ब्लाउजचं हुक पडलेलं होतं. म्हणजे असावं माझंच. एवढ्या जवळून तो जिना मी कधी पाहिलाच नव्हता. वर पोचले तेव्हा सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या. त्यांनी तो मी बसले होते तिथेच, उंबऱ्याबाहेर, माझ्यावरून ओवाळून टाकला. “सुनेला दुसऱ्यांदा आत घेतेय,” म्हणाल्या. “पहिल्या वेळी माप ओलांडून आली होतीस. आता बसूनच ये.”

*

आता पाय वर. ऐकायला सोपं आहे.

उशा ठेवल्या तर तासाभरात त्या घसरतात आणि पाय एकीकडे, उशी दुसरीकडे. लोड ठेवला तर टाचेवर भार येतो आणि टाच चुरचुरायला लागते. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कुठूनतरी विटा आणल्या आणि कॉटच्या पायथ्याकडच्या दोन खुरांखाली दोन-दोन लावल्या. अख्खी कॉटच उतरती झाली. पाय वर गेला खरा, पण मीही रात्रभर घसरत डोक्याकडच्या फळीला जाऊन टेकायची. शेवटी एक वीट काढली, वर एक जुनी गोधडी चौघडी करून पोटरीखाली घातली, टाच मोकळी ठेवली, आणि बाजूंनी दोन तक्के लावले. हे सगळं जुळायला तीन दिवस गेले. पण एकदा जुळल्यावर पायातला ठणका असा उतरला की कुणीतरी नळ बंद केल्यासारखं वाटलं. पाय खाली सोडला की मिनिटभरात उलटं. पाऊल जड व्हायचं, प्लास्टर आवळायला लागायचं, बोटं वांग्याच्या रंगाकडे झुकायची. डॉक्टरांच्या त्या दोन रेघा मला तेव्हा पटल्या.

पण एक अडचण डॉक्टरांच्या कागदात नव्हती. कॉट हॉलमध्ये टाकली होती, कारण तिथून बाथरूम जवळ. डावा, म्हणजे चांगला पाय आधी जमिनीवर येईल अशीच ती लावायला हवी होती. आणि तशी लावली की माझा उजवा पाय, प्लास्टरसकट, वर केलेला, थेट देवघरासमोर येत होता.

लहानपणापासून आपल्याला पायाचं एकच शिकवलेलं असतं, तो खाली आणि आड ठेवायचा. मोठ्यांसमोर पसरायचा नाही, पुस्तकाला लावायचा नाही, चुकून कुणाला लागला तर हात लावून डोळ्याला लावायचा. दक्षिणेकडे करून झोपायचं नाही. देवाकडे तर नाहीच नाही. आणि इथे मी रोज वीस तास बाळकृष्णाला आणि अन्नपूर्णेला तळपाय दाखवत पडलेली. पहिल्या दिवशी मी पायावर चादर टाकली. चादरीचं ओझंही करंगळीला सोसवेना.

सासूबाईंनी दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कपाटातून एक हिरवा खणाचा तुकडा मागितला, त्याला दोरी ओवायला लावली आणि देवघरापुढे पडदा बांधला. पूजेच्या वेळी बाजूला, पूजा झाली की पुन्हा ओढलेला. “त्यांना सांगितलंय मी,” म्हणाल्या. “सहा आठवडे जरा समजून घ्या म्हटलं.” खणाच्या त्या पडद्याची कड मीच कॉटवर बसून हाताने दुमडली. तेवढंच पहिल्या आठवड्यातलं माझं शिवणकाम.

*

सासूबाई ८३ वर्षांच्या. चार वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्या वॉकरने चालतात. आमच्या घरात त्याला घोडा म्हणतात. त्या वेळी घरात कमोड बसवला, बाथरूममध्ये भिंतीला दांडी लावली, उंबरा छाटला. त्यांच्या खुब्याने माझ्या पायाची सगळी सोय आधीच करून ठेवली होती म्हणायची. पूर्वी ज्या घरात उकिडवं बसूनच सगळे विधी, तिथे एक पाय उचलून कसं जमलं असतं, याचा विचारही मी करत नाही.

माझ्यासाठी दुसरा घोडा भाड्याने आणला. त्यावर स्वार कसं व्हायचं ते मला फिजिओवाल्या मुलीपेक्षा सासूबाईंनी नीट शिकवलं. “आधी घोडा पुढे. चारी खूर टेकले का बघ. मग हातावर वजन घे, आणि मग चांगल्या पायाने उडी. घोड्याच्या पार पुढे जाऊ नकोस, तोंडावर पडशील. वळायचं असलं की गरकन नको, घड्याळाच्या काट्यासारखं थोडं थोडं.” कॉटपासून बाथरूम ११ उड्या. पहिल्या दिवशी मी आठव्या उडीला थांबून धापा टाकत उभी राहिले तर मागून आवाज आला, “मी पण तिथेच थांबायचे.”

घोड्याची खोड अशी की तो दोन्ही हात अडकवून ठेवतो. पाण्याचा पेला नेता येत नाही, फोन नेता येत नाही, गोळ्यांची पट्टी तोंडात धरून नेली मी एकदा. मग एका जुन्या परकराची झोळी शिवली, तीन कप्प्यांची, आणि घोड्याच्या पुढच्या दांडीला बांधली. एका कप्प्यात पाण्याची बाटली, एकात फोन आणि चष्मा, एकात किरकोळ. चहा झाकणाच्या थर्मासमध्ये. सासूबाईंनी ती झोळी दोन दिवस बघितली आणि मग अगदी सहज, दुसरीकडे बघत म्हणाल्या, “परकराचं कापड उरलंय का गं?” चार वर्षं त्या पेला नेता येत नाही म्हणून पाणी कमी पीत होत्या. घरात शिंपीण असून. त्यांना मी त्याच दिवशी झोळी शिवून दिली, काठाची.

रात्री मात्र वाईट. पहिल्या रात्री कमरेतल्या इंजेक्शनचा अंमल होता म्हणून कळलं नाही. दुसऱ्या रात्री तीन वाजता कळलं. नर्सने बजावलं होतं की गोळी दुखायच्या आधी घ्या, दुखल्यावर नका घेऊ. मी मात्र सहन होतंय तोवर कशाला, म्हणून संध्याकाळची गोळी टाळली होती. सहन करण्यात आपल्या बायकांना काय भूषण वाटतं कोण जाणे. त्यानंतर सगळ्या गोळ्या घड्याळ लावून घेतल्या. त्या गोळ्यांनी पोट मात्र दगड झालं. इसबगोल, पपई, तांबेच्या तांबे पाणी. हे कुणी आधी सांगत नाही, भेटायला येणारे तर नाहीच.

शेक बर्फाचा. प्लास्टरवरून काय लागणार म्हणून गुडघ्यामागे ठेवा म्हणाले, तिथली रक्तवाहिनी गार झाली की पायाला आराम पडतो. दर वेळी पंधरा-वीस मिनिटं, मध्ये पंचा. बर्फाची पिशवी टणक लागायची, म्हणून थंडीत सोलून फ्रीझरमध्ये ठेवलेल्या मटारांची पिशवी वापरू लागलो. गुडघ्यामागे ती छान बसते. पाचव्या दिवशी जेवायला मटार-उसळ आली. मी ह्यांना विचारलं, कुठली पिशवी घेतली? हे म्हणाले, जी वर होती ती. मी दोन घास खाल्ले. चव चांगली होती.

दिवसाआड नव्हे, रोज एक इंजेक्शन पोटाच्या चरबीत घ्यायचं होतं, रक्तात गाठ होऊ नये म्हणून. पाय असा निपचित पडला की पोटरीत रक्त साकळू शकतं. पोटरी एकाच जागी दुखायला लागली, सुजली, लाल आणि गरम झाली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर सकाळची वाट बघायची नाही, असं तीनदा सांगितलं होतं. शिवाय दर तासाला बोटं हलवायची, गुडघा वाकवायचा, मांडी आवळून सोडायची. इंजेक्शन मीच घ्यायचे. सुईची भीती मला कशी वाटणार? पण पहिल्यांदा पोटाची चिमट धरली तेव्हा हात थरथरला, खोटं कशाला बोलू.

*

रॉबर्ट जोन्स ज्याच्या हाताखाली शिकला तो त्याच्या आत्याचा नवरा, ह्यू ओवेन थॉमस. हेही मुलीनेच वाचून दाखवलं, आणि मी सासूबाईंना दोनदा सांगितलं, कारण हा थॉमस हाडवैद्यांच्या घराण्यातला. वेल्समधलं घराणं, बाप लिव्हरपूलमध्ये हाडं बसवायचा. मुलाला मात्र रीतसर डॉक्टर केला. “बघ,” सासूबाई म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत, पण त्या एका ‘बघ’मध्ये एक्स-रेच्या दिवशीचा सगळा हिशेब चुकता झाला.

ह्या थॉमसचं म्हणणं असं की मोडक्या आणि आजारी हाडाला विश्रांती द्यायची तर ती सक्तीची, अखंड आणि लांबलचक हवी. तिन्ही शब्द मी फोन ठेवल्यावर पुन्हा म्हणून पाहिले. सक्तीची. अखंड. लांबलचक. हा माणूस स्वतः रविवारीसुद्धा दवाखाना उघडून गरिबांना फुकट तपासायचा. म्हणजे विश्रांती दुसऱ्यांनी घ्यायची! ओळखीचं वाटलं मला ते.

कारण आराम करायचा म्हणजे घरात चाललेलं ऐकत पडायचं. स्वयंपाकघर माझ्या डोक्यामागे, भिंतीपलीकडे. दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. तेल तापायच्या आधी मोहरी पडली की ती तडतडत नाही, नुसती सुस्कारते. हे रोज तसंच करायचे. “अहो, तेल तापू द्या” हे मी पहिले चार दिवस ओरडून सांगितलं. पाचव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “तू गप पड. मी तीस वर्षं तुझी मोहरी ऐकली, काही बोलले का?” मला माहीतच नव्हतं की त्या ऐकत होत्या.

नवव्या दिवशी मी चूक केली. हे खाली दूध आणायला गेले होते, सासूबाईंचा डोळा लागला होता, आणि कुकरची चौथी शिट्टी झाली. पाचवी झाली. सहावी व्हायच्या आत मी घोडा घेऊन निघाले, ओट्यापाशी पोचले, गॅसच्या बटणाला हात पुरेना म्हणून पुढे झुकले आणि तोल सावरायला उजवा पाय टेकवला. क्षणभरच. कळ थेट दातात आली. गॅस बंद केला, परत आले, आडवी झाले. वरण करपलं नव्हतं. पाय रात्रभर ठणकत होता आणि मी घरात कुणाला काही सांगितलं नाही. टाके काढायच्या दिवसापर्यंत, मधले पाच दिवस, स्क्रू वाकला असेल ह्या विचाराने मी कुशीवरसुद्धा धड वळले नाही.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसतं वर पाहिलं आणि एक्स-रे काढायला लावला. स्क्रू जिथल्या तिथे होता. मग त्यांनी स्लॅब, म्हणजे ते तात्पुरतं अर्धं प्लास्टर, सोडला आणि मला माझा पाय दिसला. पोटरी हडकलेली, कातडी सालपटलेली, आणि करंगळीमागे बोटभर लांबीची शिवण. काळ्या नायलॉनचे चार टाके. तीन सारख्या अंतरावर, चौथा जरा लांब.

“चौथा लांब पडलाय,” मी म्हटलं.

“तिथे सूज होती,” ते म्हणाले. “जवळ घेऊन ओढला असता तर कातडी फाटली असती.”

मला उत्तर पटलं. मोंढ्यात कापड कमी पडतं तिथे मीही टीप सैल टाकते.

टाके निघाल्यावर पक्कं प्लास्टर आलं, आणि त्यात खाज. घोट्याच्या जरा वर, आत, बोट पोचेल न पोचेल अशा ठिकाणी. काही आत घालायचं नाही, जखम झाली तर आतल्या आत चिघळते, हे बजावलेलं. ड्रायरचा गार वारा सोडा म्हणाले होते. ड्रायर आमच्याकडे नाही. मी फूटपट्टी घातली. कापड आखायची, लाकडी, पितळी कडेची. कडेचा ओरखडा उठला आणि दोन दिवस आग झाली. फूटपट्टीने फुटाला जखम, असा विनोद ह्यांनी केला. मला हसू आलं नाही, पण खाज गेली.

*

येणारे येत होते. शहाळी, मोसंबी, डिंकाचे लाडू. लाडू उष्ण पडतात हे माहीत असून जूनमध्ये आणलेले. एकीने हाडजोडीच्या वेलाचा तुकडा आणला, तो सासूबाईंनी कुंडीत खोचला आणि तो माझ्या हाडाच्या आधी रुजला. प्रत्येकाला स्वतःचं किंवा जावेचं मोडलेलं हाड सांगायचं असायचं. मी ऐकायची. आडव्या माणसाला दुसरं काय करता येतं? गिऱ्हाइकंही यायची. कापून ठेवलेले आठ ब्लाउज मी पलीकडच्या आळीतल्या ओळखीच्या शिंपिणीकडे दिले. काजं, हुकं आणि तुरपाई मात्र माझ्याकडे परत घेतली, कॉटवर बसून करता येते तेवढी. एक बाई माझ्या वर केलेल्या पायाशी उभं राहून पंधरा मिनिटं बोलली, की तिची कटोरी दुसऱ्या कुणाला जमणारच नाही. तिला राग आला होता की कौतुक करायचं होतं, अजून कळलेलं नाही.

आषाढवारीच्या पालख्या पुण्यात आल्या तेव्हा माझा चौथा आठवडा होता. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला, दोन्ही आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मुक्कामाच्या दिवशी आम्ही दरवर्षी वारकऱ्यांसाठी कोपऱ्यावर बसतो. मी फाटलेल्या पिशव्या, तुटलेले बंद शिवून देते, काहीजण चपला सांधतात, काहीजण तेल लावून पाय रगडून देतात. तिथे मी पाहिलेत पाय. भेगा पडलेले, फोडांवर कापड गुंडाळलेले, नखं काळी पडलेली, आणि अजून पंढरपूर कुठल्या कुठे. या वर्षी मी कॉटवरून टाळ ऐकले. सासूबाई खिडकीशी घोड्यावर टेकून उभ्या होत्या. पालखीत पादुका असतात, हे मला काही नव्याने कळलं नव्हतं, पण त्या दिवशी पाय वर करून पडल्यापडल्या त्याचा विचार मी बराच वेळ केला.

संध्याकाळी सासूबाई नेहमीसारख्या माझ्या पायाशी आल्या. हे त्यांनी पहिल्या आठवड्यापासून स्वतःकडे घेतलं होतं. प्लास्टरबाहेर डोकावणारी पाच बोटं दिवसातून दोनदा बघायची होती, रंग कसा आहे, गार लागतात का, नख दाबून सोडलं की पांढरं होऊन पुन्हा गुलाबी होतं का. पहिल्या दिवशी त्यांनी हात पुढे केला तेव्हा मी पाय ओढून घ्यायला गेले. सासूने सुनेच्या पायाला हात लावायचा? “आई, नको. मला पाप लागेल.” त्या म्हणाल्या, “लागू दे. बोटं गार आहेत का ते बघायला सांगितलंय.” आणि ओल्या फडक्याने एकेक बोट, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, पुसून कोरडं केलं. हात कापतात त्यांचे. करंगळीला मात्र लागू दिलं नाही. तेव्हापासून रोज. मी छताकडे बघत पडून राहायची, कारण त्यांच्याकडे बघणं मला जमायचं नाही.

*

सहा आठवड्यांनी एक्स-रेमध्ये हाडाची रेघ पुसट झालेली दिसली. प्लास्टर गेलं, पट्ट्यांचा मोठा बूट आला. फिजिओवाल्या मुलीने वजनकाटा जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, यावर पाय ठेवा, दहा किलो भरेल इतकंच दाबा. पायाला वजनाचा अंदाज राहिलेला नसतो, तो पुन्हा द्यावा लागतो. मी दाबलं तर काटा चारावर. पाय पुढे जायलाच तयार नव्हता. घरी सासूबाई म्हणाल्या, “दहा किलो म्हणजे गव्हाची पिशवी,” आणि त्या दिवसापासून ह्यांचं तेच सुरू. आज किती गहू?

सूज अजून आहे. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो. ती सहा महिनेही राहील, वर्षभरही, असं सांगितलंय. मशीनवर बसायला अजून परवानगी नाही. मोटरची चौकशी केलीय मी, मुलीला सांगितलेलं नाही.

देवघराचा पडदा निघाला त्या रविवारी मला आठवलं. दर पंधरा दिवसांनी, रविवारी, मी सासूबाईंच्या पायाची नखं कापते. त्यांना वाकता येत नाही. मध्ये तीन-चार रविवार गेले होते आणि त्या उकाड्यातही मोजे घालून बसत होत्या.

“मोजे काढा,” म्हटलं.

“राहू दे. तुझा पाय बरा होऊ दे आधी.”

मी कोमट पाण्याची पाटी आणायला ह्यांना सांगितलं आणि मोजे स्वतःच काढले. अंगठ्याचं नख वळून बाजूच्या बोटात रुतायला आलं होतं. तिथली कातडी लाल होती.

“अहो, हे होते ना घरात. ह्यांना सांगायचं.”

“तो बटाटे कसे सोलतो पाहिलंयस ना?”

पाय दहा मिनिटं पाण्यात भिजवले, पंचाने टिपले. मी त्यांच्या कॉटसमोर खुर्ची ओढून घेतली, मांडीवर टॉवेल पसरला आणि त्यांचं पाऊल उचलून घ्यायला हात पुढे केला. त्यांनी पाऊल दिलं नाही. माझ्या बुटाकडे बोट दाखवलं.

“पाय वर,” म्हणाल्या.

मी स्टूल पुढे ओढलं, उजवा पाय त्यावर ठेवला. पुरेसा वर नाही म्हणून त्यांनी आपली उशी दिली, ती खाली घातली. मग त्यांनी पाऊल माझ्या मांडीवर ठेवलं, आणि मी चष्मा लावून नेलकटर उघडलं.